मारुतीचा ताप आणि बॅटरी धरणारी मुलगी

आमच्या घरात ‘बॅटरी’ दोन प्रकारची. एक बॉनेटखालची, दुसरी हातात धरायची. धाकटा सहा वर्षांचा असताना मी गाडीखालून ओरडलो, ‘‘अरे, बॅटरी धर!’’ तर तो इमानेइतबारे बॉनेटखालच्या बॅटरीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. खाली मी अंधारात नट चाचपत होतो.

थोरलीचा असा घोटाळा कधी झाला नाही. आठव्या वर्षापासून ती माझ्यासाठी टॉर्च धरतेय. ‘‘बाय, सरळ धर. तिथे नाही, इथे. हलवू नकोस.’’ सात वर्षं रविवारी सकाळी हेच. लेकीला गाडी शिकवतोय असं मी लोकांना सांगायचो आणि मला ते खरंही वाटायचं. २०२५च्या मे ते ऑगस्टमध्ये आमच्या मारुती ८००ला जो ताप आला, त्यात ही समजूत उतरली. वहीतल्या नोंदी समोर ठेवून ते सगळं इथे लिहितोय.

गाडी १९९७ची, कार्बोरेटरवाली, एसी नाही. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. १९८३च्या डिसेंबरात हे मॉडेल रस्त्यावर आलं आणि २०१४च्या जानेवारीत बनायचं थांबलं, पण सामान अजून आमच्या गोव्यात फोंड्याला किंवा म्हापशाला मिळतं आणि बॉनेट उघडलं की जमीन दिसते एवढी आत जागा आहे. शिकायला याहून बरी गाडी नाही. बायकोची नवी गाडी आहे, तिच्यात मी काच धुवायचं पाणी तेवढं भरतो. ८००ची पंधरा वर्षं २०१२ला भरली, तेव्हापासून दर पाच वर्षांनी पासिंग. १ एप्रिल २०२२पासून जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६००वरून ५,००० रुपये झाली, आणि आमची पाळी नेमकी त्यानंतर आली. पाच हजार भरायचेच आहेत तर गाडी देखणी तरी दिसू दे, म्हणून तेव्हा बॉनेटच्या आतल्या भागासकट नवा रंग मारून घेतला. या रंगाकडे परत यायचंय.

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं बेळगावला निघालो. साखळी ओलांडून केरीपर्यंत तापमानाचा काटा मधोमध होता. चोर्ला घाट सुरू झाला, पुढे भरलेला ट्रक, पहिला-दुसरा गिअर, आणि अंजुणे धरणाचं पाणी खाली दिसायला लागेपर्यंत काटा लाल रेघेला टेकला. गाडी कडेला घेतली. इंजिन बंद. बॉनेट वर. मुलांना दहा हात लांब उभं केलं.

गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे मी माझ्या मनगटावरच्या डागावरून शिकलोय. मुलांना त्यातलं कारण कुकरवरून समजावलं. रेडिएटरचं झाकण आतला दाब साधारण ०.९ किलोपर्यंत धरून ठेवतं, म्हणजे घरच्या कुकरच्या जवळपास. त्यामुळे पाणी शंभराला न उकळता एकशेअठराच्या आसपास उकळतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि ते सगळं पाणी एका क्षणात वाफ व्हायला बघतं. शिट्टी न काढता कुकर उघडणारा माणूस आणि रस्त्याकडेला झाकण फिरवणारा माणूस सारखेच. पाऊण तास थांबलो, पाणी घातलं आणि बेळगाव सोडून परत फिरलो. उतारावर काटा मुकाट खाली आला.

घरी आल्यावर मी जे केलं त्याला निदान म्हणत नाहीत. आमच्या वाड्यावर एक काका आहेत, खाण चालू होती तेव्हा टिपरांचे फिटर होते. २०१२ला खाणी थांबल्या तसं त्यांचंही काम थांबलं, हात मात्र अजून काळे. त्यांनी बॉनेटमध्ये बघितलंसुद्धा नाही. ‘‘थर्मोस्टॅट काडून उडय ते!’’ म्हणजे काढून फेक. टिपरात ते तसंच करायचे. मी काढला आणि व्हरांड्यातल्या खिळ्याला अडकवला. मग रेडिएटर रॉडिंगला, म्हणजे आतल्या नळ्या साफ करायला दिला, १,२०० रुपये. झाकण बदललं, २५०. नवा थर्मोस्टॅटही आणून ठेवला, ४५०. उद्या लागला तर! एकोणीसशे रुपये झाले, आणि यातली एकही वस्तू बिघडलेली असल्याचा पुरावा माझ्याकडे नव्हता. मुलगी टॉर्च धरून होती.

त्या वर्षी पाऊस मेमध्येच आला. गाडी बरी झाली असं वाटलं, कारण पावसात ८००ला सहसा ताप येत नाही आणि घाटात आम्ही गेलोच नाही. काटा उलट तळाला चिकटून राहू लागला. थर्मोस्टॅट हा इंजिनच्या पाण्याच्या वाटेवरचा दरवाजा. इंजिन थंड असताना तो बंद राहून पाणी आतल्या आत फिरवतो, ऐंशी-बयाऐंशी अंशांना उघडतो आणि मग पाणी रेडिएटरकडे जातं. तोच काढला की इंजिन तापायलाच मागत नाही, कार्बोरेटरला पेट्रोल जास्त लागतं. लिटरला सोळा देणारी गाडी चौदावर आली. मी पावसाला दोष दिला.

ऑगस्टमध्ये, चवथीच्या म्हणजे गणेशचतुर्थीच्या दोन रविवार आधी, फोंड्याच्या वरच्या बाजारात गर्दीत अडकलो. पाऊस उघडला होता. वीस मिनिटांत काटा पुन्हा लाल रेघेकडे. २७ तारखेला चवथ. गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीचं सामान, पाहुणे, बाजाराच्या चार फेऱ्या, सगळं याच गाडीवर. मी वैतागून म्हणालो, ‘‘हेड गॅस्केट गेलं बहुतेक.’’ म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधली सीलपट्टी.

थोरली दहावीत. मागच्या सीटवरून तिने विचारलं, ‘‘बाबा, फोंडा-पणजी रस्त्यावर का नाही तापत मग?’’

मला उत्तर देता आलं नाही. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं, असा प्रश्न तिने सात वर्षांत पहिल्यांदा विचारला होता. की आधीही विचारले होते आणि मी ‘‘बॅटरी सरळ धर’’ म्हणालो होतो? दुसरंच खरं असावं.

घरी येऊन तिने जुन्या वहीचं मागचं पान काढलं आणि आठवतील तेवढ्या फेऱ्या लिहिल्या. कुठे, वेग किती, काटा कुठे. चोर्ला, ट्रकमागे: वर. बाजार: वर. बाणस्तारीचा रस्ता, पन्नासच्या वेगाने: मध्ये. फाटकात गाडी चालू ठेवून आई कुलूप लावत होती तेव्हा: थोडा वर. दहा मिनिटांत पानावर जे दिसलं ते मला तीन महिने दिसलं नव्हतं. गाडी पळत असली की ताप नाही. वेगात समोरून येणारा वारा रेडिएटर थंड करतो, तिथे पंख्याची गरजच नसते. गॅस्केट गेलं असतं किंवा रेडिएटर तुंबला असता तर वेगातही त्रास झालाच असता, उलट जास्त.

‘‘म्हणजे पंखा,’’ ती म्हणाली.

‘‘पंखा चालतोय. मी स्वतः बघितलाय.’’

‘‘किती जोरात?’’

इथे मी एक बरी गोष्ट केली, बहुधा या प्रकरणातली एकुलती एक. टॉर्च तिच्या हातातून घेतला आणि स्वतः धरला.

पलीकडच्या गल्लीत एकाकडे आणखी एक ८०० आहे, आमच्याहून दोन वर्षांनी धाकटी. थोरली तिथे गेली, गाडी पंखा लागेपर्यंत चालू ठेवायला सांगितली आणि समोरच्या जाळीपुढे घटक चाचणीच्या उत्तरपत्रिकेचं एक पान धरलं. पान जाळीला चिकटलं, हात सोडला तरी पडेना. मग आमच्या गाडीला तेच. पान जाळीवर जरा टेकलं, थरथरलं आणि घसरून खाली पडलं. तीनदा करून बघितलं, तीनदा पडलं. पंखा फिरत होता, पण वारा ओढत नव्हता. मी तीन महिने ‘चालतो’ आणि ‘काम करतो’ यांतला फरक न बघता पुढे गेलो होतो.

यावर माझा लगेच निकाल: मोटर गेली. नवी मोटर, सकाळी म्हापसा. तिने विचारलं, मोटर गेलीय हे कशावरून. मी म्हटलं, बाकी काय असणार, वायर ठीक आहे. आणि ते सिद्ध करायला मल्टिमीटर काढला, बॅटरीचा तार सोडला, पंख्याच्या काळ्या वायरीला एक टोक आणि बॅटरीच्या मायनसला दुसरं लावलं. बीप वाजला. ‘‘बघ. वायर सलग आहे.’’

हा बीप फार जणांना फसवतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मीटरचा बीप वाजतो तेव्हा मीटर त्या वायरीतून अगदी नगण्य करंट सोडत असतो आणि तीस-चाळीस ओमपर्यंतचा रोध असला तरी बऱ्याच मीटरांत तो खुशाल वाजतो. वायर तुटलेली नाही एवढंच तो सांगतो. पंख्याला लागणारे सहा-सात अँपिअर त्या वायरीतून धड जातील का, यावर तो काही बोलत नाही. पाऊलवाटेवरून माणूस गेला म्हणून ट्रक जाईल असं थोडंच आहे.

हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण मोटर गेली हे मी आधीच ठरवलं होतं, आणि ठरवल्यावर बीप पुरतो.

तिने पुढे दोन गोष्टी केल्या. पहिली, मोटरचा कनेक्टर काढून बॅटरीपासून दोन जाड वायरी थेट मोटरला दिल्या. पान फटकन चिकटलं. मोटर ठणठणीत. माझी म्हापशाची फेरी आणि दीड-दोन हजार तिथेच वाचले. दुसरी गोष्ट करण्याआधी ती आत जाऊन विज्ञानाचं पुस्तक घेऊन आली. दहावीच्या पुस्तकात विजेचा धडा आहे, ओमचा नियम त्यातच. ‘‘पंखा चालू असताना मोजूया का?’’

केस टोपीखाली, बाह्या वर, हात पात्यांपासून लांब. गाडी चालू, पंखा लागला. बॅटरीवर १३.३ व्होल्ट. मोटरच्या दोन टोकांवर ९.९. मधले ३.४ कुठे गेले? ती प्लसच्या बाजूने निघाली. बॅटरीच्या प्लसपासून मोटरच्या प्लसपर्यंत ०.३. मग बॅटरीच्या मायनसपासून मोटरच्या काळ्या वायरीपर्यंत. ३.१. या बाजूला आकडा पाव व्होल्टच्या वर जायला नको, हे मी सांगितलं, तेवढंच माझं योगदान.

करंट मोजायच्या नादात मी माझ्या मीटरचा फ्यूज उडवला. दहा अँपिअरच्या खाचेत लावून पंखा सुरू केला, आणि मोटर सुरू होताना चालताना लागतो त्याच्या कितीतरी पट करंट ओढते हे त्या घाईत विसरलो. धाकटा खूश झाला. शेवटी इलेक्ट्रिशियन शेजाऱ्याचा क्लँप मीटर आणला. ५.९ अँपिअर. मुलीने वहीत भागाकार केला, ३.१ भागिले ५.९, साधारण अर्धा ओम. मग गुणाकार, अठरा वॅट. ‘‘म्हणजे कुठेतरी एक जागा अठरा वॅटने गरम होतेय. हात लावून सापडेल.’’

मला हे सुचलं नसतं. काळ्या वायरीचा माग काढत तिचं बोट बॅटरीच्या ट्रेखाली गेलं आणि तिने झटकन मागे घेतलं. दहाच्या पान्याचा बोल्ट, वायरीच्या टोकाची धातूची कडी, म्हणजे थिंबल, त्याने बॉडीला आवळलेलं. पंखा बंद केला, बॅटरीचा मायनस काढला, बोल्ट सोडवला. आधी हिरवट-पांढरी भुकटी, बॅटरीच्या आम्लाची वाफ आणि आपली खारी दमट हवा यांची. ती खरवडली तर खाली पत्रा नाहीच. खाली पांढरा रंग, गुळगुळीत, २०२२चा, आणि त्यावर थिंबलचा गोल ठसा.

रंगाऱ्याने ती वायर सोडून ठेवली होती, ते बरोबरच केलं. बोल्ट परत मी आवळला होता. रंगावर. गाडीची सगळी वीज बॉडीतून माघारी जाते आणि रंगातून वीज जात नाही. तीन वर्षं पंख्याचा माघारीचा रस्ता त्या एका बोल्टच्या आट्यांमधून चालू होता. गंज धरत गेला, रस्ता अरुंद होत गेला. कोणी विचारलं नव्हतं, तरी मी मुलांना सांगितलं की हे माझं काम आहे. थोरलीने वहीत लिहिलं: ‘कारण: बाबा (२०२२).’

दुरुस्तीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पॉलिश पेपरने रंग जाऊन पत्रा चकचकीत होईस्तोवर घासला, नवं थिंबल, स्टार वॉशर, आवळल्यावर वरून व्हॅसलीन. तीस रुपयांच्या आत. पुन्हा मोजलं: मायनस बाजू ०.०५. पान जाळीला चिकटलं आणि आम्ही ते तिथेच ठेवून चहा घेतला.

चहावरून आठवलं, थर्मोस्टॅट. खिळ्यावरचा जुना आणि डब्यातला नवा, दोन्ही तिने एका पातेल्यात दोऱ्याने टांगले आणि गॅसवर पाणी ठेवलं. काचेचा तापमापक धाकट्याच्या हातात. बुडाला टेकवायचा नाही, एवढीच त्याला सूचना. ऐंशीपर्यंत काही नाही. मग धाकटा ओरडला, ‘‘जुनं हललं!’’ दोन्ही एक-दोन अंशांच्या फरकाने उघडले, दोन्ही गार झाल्यावर मिटले. काकांच्या सल्ल्याने मी चांगला भाग काढून टाकला होता आणि त्याच्या जागी ठेवायला दुसरा चांगला भाग विकत घेतला होता. जुनाच परत बसवला. आई म्हणाली, ते पातेलं आता गॅरेजचं.

थर्मोस्टॅट बसवताना रेडिएटर रिकामा करावा लागला, तेव्हा कुलंटही बदलला. ‘आपल्याकडे काय बर्फ पडतो?’ म्हणून गोव्यात कित्येक जण नळाचं नाहीतर विहिरीचं पाणीच घालतात. कुलंट गोठू नये म्हणून असतो तसा गंज धरू नये म्हणूनही असतो, आणि पाण्याचा उकळबिंदूही वर नेतो. अर्धा कुलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. जुना मात्र अंगणात ओतायचा नाही. तो चवीला गोड असतो आणि विषारी. कुत्री-मांजरं चाटतात, आणि आमची विहीर गाडीपासून वीस पावलांवर. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे दिला.

यावर दोन आक्षेप आले. पहिला काकांचा: चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात अर्थिंगचा, म्हणजे बॉडीकडच्या जोडणीचा, दोष धरतो, तुम्ही तीन रविवार घालवलेत. खरं आहे. घरी दुरुस्ती केली की पैसे वाचतात असं म्हणणाऱ्याने माझे एकोणीसशे, मीटरचा फ्यूज आणि लिटरमागे दोन किलोमीटर मोजावेत. दुसरा बायकोचा: पोरं कुठवर हात घालणार? याची हद्द आता घरात ठरलीय. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणी जायचं नाही, मीसुद्धा नाही, खाली घोड्या, म्हणजे टेकूचे लोखंडी स्टँड, लागल्याशिवाय. गरम इंजिनचं झाकण फक्त मी, तेही गार झाल्यावर. ब्रेक गॅरेजमध्ये. मी स्वतःही ते घरी खोलत नाही. माझ्या चुकीची किंमत समोरच्या स्कूटरवाल्याने द्यावी, हे मला पटत नाही. आणि अंगणात इंजिन चालू करणं वेगळं, रस्ता वेगळा. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीपासून अल्पवयीनाने गाडी चालवली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. थोरलीने फाटकापर्यंत तरी नेऊ दे म्हणून बरीच हुज्जत घातली. नाही.

तिसरा आक्षेप माझाच आहे आणि तो अजून सुटलेला नाही. गप्प राहणं फार कठीण जातं. ती चुकीच्या बाजूने पाना फिरवते तेव्हा माझा हात आपोआप पुढे होतो. प्लस बाजू मोजायला तिने सुरुवात केली तेव्हा मायनस बाजू आधी बघ हे माझ्या ओठांवर आलं होतं. बोललो असतो तर बोल्ट अर्धा तास लवकर सापडला असता आणि तो मी शोधलेला असता. आता टॉर्च मी धरतो त्यामागे हेही कारण आहे, एक हात तरी गुंतलेला राहतो. ‘‘बाबा, हलवू नका,’’ हे ऐकून घ्यावं लागतं.

चवथीला गाडीने बाजाराच्या सहा फेऱ्या केल्या. माटोळीची तोरिंगं, नारळाची पेंड, सुपारीचे घोस, सगळं मागच्या सीटवर. वरच्या बाजारात पंचवीस मिनिटं जागचे हललो नाही. पंखा लागायचा, काटा मधून जरा वर जाऊन परत यायचा, पंखा बंद. धाकटा मोजत होता, चार वेळा. ऑक्टोबरात बेळगावही झालं. चोर्ल्यात पुन्हा ट्रक मिळाला, मी मुद्दाम त्याच्यामागेच राहिलो. धरण मागे पडलं तरी काटा मध्येच. लिटरला पुन्हा सोळाच्या जवळ आलो आहोत.

वही अजून बंद झालेली नाही. दुरुस्तीनंतर पंखा जास्त करंट घेऊ लागला, तसा प्लस बाजूचा आकडा ०.३वरून ०.४ झाला. चालण्यासारखा आहे, पण तिला तो खुपतो. पानाच्या तळाला तिने लिहून ठेवलंय: ‘प्लस बाजूला ०.४ कुठे जातात? बाकी.’ फ्यूज बॉक्समधल्या एका क्लिपवर माझा संशय आहे. सांगितलेलं नाही.